मुळी माझ्या नाकाची, नाव विसूचं

चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. कन्नडात त्याला ग्रंधिगे अंगडी म्हणतात. वाळलेल्या मुळ्या, साली, बिया, फुलं, पूजेचं सामान, बाळंतिणीचा काढा असं सगळं तिथं मिळतं. या दुकानात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी येतं आणि विचारतं, "विसण्णन बेरु आहे का?" बेरु म्हणजे मुळी. विसण्णाची मुळी.

मी सांगतो, "आहे. पण तिचं नाव ते नव्हे. ती मुळी मी शोधली. माझं नाव शंकर."

गिऱ्हाईक मान हलवतं. "सरी अण्णा," म्हणतं, म्हणजे ठीक आहे. "मग विसण्णन बेरु स्वल्प चांगली बघून द्या."

माझ्याच दुकानात, माझ्याच गादीसमोर उभं राहून. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून द्या असं सांगणं आलं, तेव्हा मी ठरवलं की बाकी अनुभव राहू देत, एवढा एक छापून येऊ दे. निदान मराठी वाचणाऱ्यांना तरी कळेल मुळी कुणाची ते.

आधी आमचा धंदा समजून घ्या. आम्ही वनस्पती ओळखतो त्या मेलेल्या. जिवंत झाड समोर उभं केलं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते ओळखता येणार नाही. पोत्यातून आलेली मुळी हातात घ्यायची, मोडायची, मोडताना आवाज कसा येतो तो ऐकायचा, मोडलेल्या जागेचा वास घ्यायचा, आणि भरवशाची असेल तर कण जिभेवर ठेवायचा. भेसळ याच चार पायऱ्यांत पकडली जाते. माझं नाक निपाणीला तयार झालं. लहानपणी तिथल्या तंबाखूच्या वखारीत मी पानं निवडायला होतो. कुठल्या शिवारातलं पान, कितपत मुरलंय, हे डोळे मिटून सांगायचो. पुढं बंगळूरला आलो, दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलली, मग स्वतःचं दुकान टाकलं. कुणी हात दिला नाही. मी मागितलाही नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळवलं, आणि घासाघिशीत माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे. चढल्याशिवाय माल खाली उतरत नाही.

विसू, म्हणजे इथल्या लोकांचा विसण्णा, माझ्याच गावचा. शाळामास्तरांचा मुलगा. माझ्यानंतर काही वर्षांनी बंगळूरला आला, तेव्हा गल्लीत माझ्या समोरचा गाळा मीच त्याला बघून दिला. मालकाशी भांडून भाडंही मीच कमी करून दिलं. विसूनं त्या गाळ्यात माझाच धंदा सुरू केला.

तो कधी घासाघीस करायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "जास्त होतंय हो." विसू म्हणायचा, "होतंय खरं. बसा, पाणी घ्या." आणि ते गिऱ्हाईक पाणी पिऊन पूर्ण किंमत देऊन जायचं. मी समोर बसून हे बघायचो. माझ्याकडं तीच जिन्नस स्वस्त असायची, चांगली असायची, आणि लोक तिथं जाऊन बसायचे. विसूला नाक नव्हतं. सुंठ आणि आंबेहळदीत त्याला फरक कळायचा तो रंगानं. पण त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक घराला तो आपला वाटायचा. माझ्या घरालासुद्धा. कडबोळी तळली की आमची सुशीला पहिला डबा समोर पाठवायची.

"विसूभावजी कधी आवाज चढवत नाहीत," ती म्हणायची.

"त्याला कशाला चढवावा लागतोय," मी म्हणायचो. "त्याचं काम मी करून ठेवतोय."

हे साधारण शेर जाऊन किलो येत होते त्या काळातलं. राजाजीनगरला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. त्यात एक औषधांची कंपनी होती. तिथं कच्च्या मालाची तपासणी डॉ. कर्णिकबाई करायच्या. मूळच्या पुण्याच्या, उंच, चष्मा नाकावर खाली सरकलेला. अंगावर पांढरे डाग पडतात, कोड म्हणतात त्याला, त्यावर काश्मीरकडच्या कुरणांतली एक मुळी कामाला येते. तिथून माल येईपर्यंत निम्मा कुजायचा. बाईंचं म्हणणं, हिचीच एक बहीण आपल्या चिकमगळूरकडच्या डोंगरमाथ्यांवर पावसाळ्यात उगवते. ती आणून द्या. आदल्या हंगामात विसूनं आणि मी दोघांनीही डोंगरातून माणसांकरवी मुळ्या मागवल्या होत्या, आणि बाईंनी दोघांचीही पोती परत पाठवली होती. आत तीन जातींची खिचडी होती.

"मुळी वेगळी आणि बी वेगळं असं मला नको," बाई म्हणाल्या. "बी आणि मुळी एकाच झाडाची आणा. ज्याचा माल सबंध एका जातीचा निघेल त्याला कायमची ऑर्डर."

कायमची ऑर्डर. ज्यानं धंदा केलाय त्यालाच या दोन शब्दांची चव कळेल. रोज सकाळी दुकान उघडताना आज काय विकलं जाईल ही धाकधूक संपते. शिवाय माझ्यासारख्या चौथी नापास माणसाचं नाव राजाजीनगरच्या कंपनीच्या फाटकावर ओळखीचं होणार होतं. मला ती हवी होती. आणि विसूला ती मिळू नये असंही मला वाटत होतं. दोन्ही सारख्याच जोरानं.

भाद्रपदात मी डोंगरात निघालो. चिकमगळूरच्या बसमध्ये चढलो तर खिडकीशी विसू.

"बस शंकर," तो जागा करत म्हणाला. "मला वाटलंच होतं तू या बसला असशील. दशमी खाणार?"

दशमी चांगली होती. ती माझ्याच घरून आली होती, हे मला खाताना कळलं.

ते कुरण मी जन्मात विसरणार नाही. कॉफीचे मळे संपले की वर झाडं थांबतात आणि नुसतं गवत सुरू होतं. धुक्यातून वर गेलो तर सबंध उतार पांढरा. कमरेएवढ्या गवतातून हजारो पांढऱ्या छत्र्या वर आल्या होत्या. एका दांड्याच्या टोकातून छत्रीच्या काड्यांसारख्या काड्या फुटतात, प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक लहान छत्री, आणि तिच्यावर बारीक पांढरी फुलं. हे गाजराचं कूळ. दुकानदाराला हे कूळ परकं नसतं. जिरं, बडीशेप, ओवा, धणे सगळे याच घरातले. माझ्या बरण्यांची एक आख्खी फळी याच कुळाची आहे. पण बरणीतलं बी ओळखणं निराळं आणि उतारावरचं फूल ओळखणं निराळं. पहिला तासभर मला सगळंच सारखं दिसलं.

मग हळूहळू डोळा बसला. एका जातीची पानं कोथिंबिरीसारखी चिरलेली आणि फुलं सगळी सारख्या आकाराची. दुसरी ठेंगणी, तिच्या मुळाशी गड्डा, तो गुराखी भाजून खातात. तिसरी धिप्पाड. दांडा पोकळ, लव असलेला, पानाचा देठ खाली रुंद होऊन दांड्याला म्यानासारखा लपेटलेला. आणि तिची खूण म्हणजे छत्रीच्या कडेची फुलं. कडेच्या फुलांची बाहेरची पाकळी आतल्यांपेक्षा मोठी आणि मधोमध चिरलेली, जणू छत्रीला झालर लावलीय. बाईंनी दाखवलेल्या वाळक्या नमुन्यात अशीच झालर होती. मी बाह्या वर करून ती धिप्पाड झाडं मोडली, हुंगली, उन्हात उताणी करून पाहिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर भाजल्यासारखे फोड आले. त्या झाडाचा चीक अंगाला लागून ऊन पडलं की असं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते डाग अजून माझ्या हातावर आहेत. बाजारानं मुळीला माझं नाव दिलं नाही, मुळीनं मात्र तिचं नाव माझ्या हातावर लिहून ठेवलं आहे.

हे सगळं मी करत होतो तेव्हा विसू काय करत होता? खाली वस्तीत गौरक्काच्या ओट्यावर बसून नाचणीचा गोळा आणि सार खात होता. गौरक्का म्हणजे तिथल्या मुळ्या खणणाऱ्या बायकांची पुढारी. आवाजानं माझ्या तोडीची. मी तिच्याशी मजुरीचं बोललो तेव्हा आमच्या दोघांच्या ओरडण्यानं कोंबड्या उडाल्या. विसूनं तिच्याशी मजुरीचं काही बोलणंच केलं नाही. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा नवरा मळ्यात पडला, हे ऐकत बसला. तो एकदाही वर कुरणात आला नाही. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, हा आपसूक बाद झाला.

आमच्यात म्हणतात, फूल खोटं बोलेल, बी खोटं बोलत नाही. म्हणून आश्विन सरता सरता मी एकटा पुन्हा गेलो. धिप्पाड झाडांवर बिया धरल्या होत्या. चपट्या, कागदासारख्या कडेच्या, आणि प्रत्येक बीवर वरून निघून निम्म्यावर थांबलेल्या काळपट रेघा. पावसाचे ओघळ काचेवरून खाली येता येता मध्येच सुकावेत तशा. त्या रेघांत तेल असतं. चुरडली की नाकात झणका बसतो. आता खात्री पटली. अडचण एकच होती. मुळी भरते ती झाड वरून वाळून गेल्यावर, मार्गशीर्षात. तेव्हा पान नाही, फूल नाही, बी गळून गेलेलं. उरतात त्या नुसत्या वाळक्या काड्या, तिन्ही जातींच्या सारख्याच. म्हणून बी असतानाच झाडाला खूण करून ठेवायची आणि नंतर येऊन त्या खुणेखालीच खणायचं.

मी लाल मांजरपाटाचा तागा घेऊन गेलो होतो. त्याच्या चिंध्या फाडल्या आणि दिवसभर वाकून वाकून, एकेक बी चुरडून बघून, खऱ्या झाडांना बांधल्या. कंबर मोडली. पण संध्याकाळी मागं वळून बघितलं तेव्हा वाटलं, हा सबंध उतार माझा झाला. विसूला आता काय करायचं ते करू दे.

मार्गशीर्षात मी पोती, कुदळी आणि गौरक्काच्या बायका घेऊन वर चढलो. कुरणाच्या कडेला आलो आणि जागीच थांबलो.

सगळं लाल होतं. माझ्या झाडांना चिंध्या होत्या. कोथिंबिरीसारख्या पानांच्या जातीच्या काड्यांनाही होत्या. गड्डेवाल्या ठेंगण्यांना होत्या. गवताच्या झुबक्यांना होत्या. लाल, हिरव्या, साडीच्या काठाच्या, धोतराच्या, एकाला तर लहान मुलाच्या अंगड्याची बाही बांधलेली.

"हे काय?" मी विचारलं.

गौरक्का कौतुकानं म्हणाली, "अण्णा, जत्रा झाली नाही का मध्ये. वर अम्माचं देऊळ आहे ना, त्याची वाट इथूनच. लोकांनी बघितलं, बंगळूरचा शेट एवढा मोठा माणूस, दिवसभर वाकून अम्माला चिंध्या बांधून गेला. म्हणजे इथं काहीतरी आहे. मग सगळ्यांनीच हरके बांधले."

हरके म्हणजे नवस. माझ्या खुणा पाहून सबंध जत्रेनं नवस बोलले होते.

मी डोक्याला हात लावला. मग म्हटलं, ठीक आहे, माझा लाल मांजरपाट मला ओळखू येतो, तेवढीच खणू. एका चिंधीपाशी कुदळ उचलली तर गौरक्का आडवी आली.

"हरकेच्या झाडावर कुदळ घालायची नाही."

"अहो ती चिंधी माझी आहे."

"तुमची असली तरी आता अम्माची आहे. आणि तिच्या शेजारची माझ्या सुनेची आहे."

मी ओरडलो. तीही ओरडली. मजुरी वाढवून देतो म्हणालो. तिनं तोंड फिरवलं, जे तिनं मजुरीच्या बाबतीत कधी केलं नव्हतं. तेव्हा मी स्वतःच खणायला वाकलो. तशी वस्तीतली एक म्हातारी शांतपणे चालत आली आणि त्या वाळक्या झाडावरच फतकल मारून बसली. मी दुसऱ्या झाडाकडं गेलो. दुसरी बाई त्याच्यावर बसली. थोड्या वेळात सगळ्या बायका माझ्या खऱ्या झाडांवर बसल्या होत्या आणि मी कुदळ घेऊन मधोमध उभा होतो. इतकी वर्षं घासाघीस केली, पण मालावर बसलेल्या माणसाशी कशी करायची ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात खालून विसू आला. हातात टोपली, तिच्यात नारळ. त्यानं माझ्याकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. हसला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगतो. गौरक्कानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हातारीपुढं उकिडवा बसला.

"अव्वा, तुमचा हरके कशासाठी होता?"

"नातवाचे पाय सरळ व्हावेत म्हणून."

"मग तो इथं पायदळी का ठेवलाय? उद्या गुरं सुटली की खाऊन टाकतील. देवळापुढच्या जांभळीला बांधू या. अम्माच्या डोळ्यांसमोर राहील. मी नेऊन बांधतो, तुम्ही नातवाचं नाव सांगा."

म्हातारीनं विचार केला. मग ती उठली.

त्या दिवशी विसूनं उतारावरची एकेक चिंधी सोडली. प्रत्येकीच्या वेळी ती कुणाची, कशासाठी, हे विचारलं. ज्यांचं कुणाला ठाऊक नव्हतं त्यांना "जो कुणी असेल त्याचं भलं होवो" म्हटलं. ओंजळी भरून चिंध्या देवळाकडं गेल्या. जांभूळ लग्नातल्या मांडवासारखी दिसू लागली. नारळ फुटला. आणि बायकांनी पदर खोचून कुदळी हातात घेतल्या.

आता उतार मोकळा होता आणि माझी एकही खूण शिल्लक नव्हती. नुसत्या वाळक्या काड्या.

विसू माझ्याजवळ आला. "शंकर, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू सांग कुठं खणायचं, मी यांच्याकडून खणून घेतो."

त्याला तिथंच सोडून उतरून जावं असं मला वाटलं. पण पोती रिकामी होती. मी खाली बसलो, वाळकी काडी मोडली, हुंगली. मेलेली वनस्पती होती, म्हणजे माझ्या घरची गोष्ट. एका काडीला शिळ्या गाजरासारखा वास, तिला सोडा. एका काडीला ओव्यासारखा, तिलाही सोडा. तिसरीला लिंबाची साल टर्पेंटाइनमध्ये बुडवल्यासारखा. ही घ्या. मी पुढं, हुंगत, कुत्र्यासारखा. माझ्यामागं विसू. त्याच्यामागं बायका. दुपार टळेपर्यंत पोती भरली. उतरताना एका पोरसवदा बाईनं विचारलं, या मुळीला म्हणायचं काय. गौरक्का म्हणाली, "विसण्णन बेरु म्हणा की." सगळ्या हसल्या. मीही हसलो. तेव्हा मला वाटलं, डोंगरातली गंमत डोंगरात राहील.

कर्णिकबाईंनी मी आश्विनात आणलेलं बी शेजारी ठेवलं, पोती सोडली, हाताला येईल तिथून मुळ्या काढल्या, पातळ काप करून भिंगाखाली धरले. सगळ्या एका जातीच्या निघाल्या. त्यांचा चष्मा पहिल्यांदाच नाकावर वर सरकलेला मी पाहिला.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "कुणी ओळखल्या?"

मी तोंड उघडायच्या आत विसू म्हणाला, "शंकरनं, बाई. नाक त्याचं आहे. मी फक्त चिंध्या सोडल्या." आणि त्यानं सगळी हकिकत सांगितली. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. म्हातारी झाडावर बसली तेही सांगितलं. बाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पाटणे, पुढच्या वर्षी त्या बायका तुमच्यासाठी खणतील?"

"मजुरी दिली की खणतील."

"आणि याच्यासाठी?"

उत्तर तिघांनाही ठाऊक होतं. ऑर्डर त्याच्या नावानं निघाली. खरं बोलून माणूस दुसऱ्याला कसा नागवतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तो जरा खोटं बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला. म्हणाला, "आपण निम्मी निम्मी करू."

"भीक नको," मी म्हणालो.

"मग काय हवं ते सांग."

मी अटी घातल्या. दर वर्षी माल कंपनीत जायच्या आधी माझ्या दुकानात यायचा. मी निवडणार, आणि निवडण्याचा मोबदला मी ठरवणार. आणि तिसरी अट, जो कुणी विचारेल त्याला विसूनं सांगायचं की ही मुळी शंकरनं ओळखली. मी मुद्दाम फुगवून मागितलं होतं, म्हणजे तो खाली आणेल आणि मग मला ओरडता येईल. तो म्हणाला, "बरं." घासाघीस न करता मिळालेली गोष्ट मला कधी पचलेली नाही. ती तर आजवर पचलेली नाही.

त्यानं तिन्ही अटी पाळल्या, हे दुःख कुणाला सांगू? दर वर्षी पौषात पोती माझ्या ओट्यावर यायची. मी मोडायचो, हुंगायचो, चुकार मुळ्या बाजूला फेकायचो. समोर विसूच्या दुकानात कुणी विचारलं की तो माझ्याकडं बोट दाखवायचा. "ओळखली ती त्यानं. मला कुठं कळतंय?" गिऱ्हाईक माझ्याकडं एकदा बघायचं आणि विसूकडं वळून म्हणायचं, "काय मोठं मन आहे हो तुमचं." तो जितकं माझं नाव घ्यायचा तितकं त्याचं मोठं व्हायचं. मुळीचं नाव तर गल्लीत पक्कं झालंच, पुढं मैसूरच्या व्यापाऱ्यांपर्यंत गेलं.

एकदा इंदिरानगरहून एक निवृत्त मेजर आले. त्यांनी उटीला कुठल्याशा कुरणात पांढरं फूल तोडून पुस्तकात दाबून आणलं होतं. म्हणाले, "हेच ते विसण्णावालं आहे का?" मी पाकळ्या बघितल्या, झालर नव्हती. "नुसत्या फुलावर मी बोलत नाही," म्हटलं. "बी आणा." ते चिडले. समोर गेले. विसूनं त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडं परत पाठवलं. मेजर माझ्यासमोर येऊन म्हणाले, "सज्जन माणूस आहे. तुमची फार तारीफ करत होता." त्या दिवशी मी सुशीलावर विनाकारण ओरडलो.

"तुम्हाला नक्की काय हवं होतं?" तिनं विचारलं. "त्यानं तुमचं नाव घेऊ नये असं, की घ्यावं असं?"

मी उठून दुकानाच्या वह्या काढल्या.

विसू गेला तो नवरात्रात. भाद्रपदात नेहमीसारखा डोंगरात जाऊन आला, थोडा ताप आला, आणि घटाच्या तिसऱ्या माळेला गेला. गल्लीतली सगळी दुकानं बंद राहिली. माझं मी स्वतः बंद केलं. इतकी माणसं आली होती की मला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तिथं उभं असतानाही माझ्या मनात आलं की माझ्या वेळी एवढी येणार नाहीत.

कंपनीचा निरोप आला, यंदाचा माल तुम्ही द्याल का. म्हणजे कायमची ऑर्डर शेवटी माझ्या दारात आली. मी कार्तिकाच्या सुरुवातीला डोंगरात गेलो, गौरक्काला भेटायला. माझी तयारी होती. ती मजुरी वाढवून मागणार, मी ओरडणार, ती ओरडणार.

गौरक्का म्हातारी झाली होती. तिनं मजुरीचं काढलंच नाही. "विसण्णा सांगून गेलेत," म्हणाली. "मी नसलो तर शंकरण्णासाठी खणायचं. तो ओरडेल, ओरडू द्यायचं." मग म्हणाली, "चला, तुमचा हरके बघायचाय का?"

"माझा कुठला? माझ्या चिंध्या केव्हाच जांभळीला गेल्या."

"तुमच्या नव्हे, तुमच्यासाठीचा. ते दर वर्षी बांधायचे. फुलं असताना यायचे आणि एक लाल चिंधी झाडाला बांधून जायचे. जांभळीला बांधा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. शंकरण्णानं चिंधी झाडाला बांधली होती, तर त्याच्यासाठीची पण झाडालाच, म्हणायचे."

"आणि मागायचे काय?"

गौरक्का पदर तोंडाला लावून हसली. "शंकरण्णाचा राग स्वल्प कमी होऊ दे."

आम्ही वर गेलो. बहुतेक झाडांवर बी धरलं होतं, काही उशिराच्या छत्र्या अजून पांढऱ्या होत्या. देवळाच्या वाटेला लागून एका झाडाला चिंधी होती. लाल मांजरपाट, नवा. मी जवळ गेलो, खाली वाकलो. पानं कोथिंबिरीसारखी चिरलेली. उरल्या फुलांना झालर नाही. बी चिमटीत चुरडलं तर ओव्याचा वास आला.

चुकीचं झाड. दर वर्षी इथं येऊन, सबंध बाजारात ज्याच्या नावानं मुळी विकली जाते तो हा माणूस, भलत्याच झाडाला चिंधी बांधून जात होता. नवस फळला नाही यात नवल ते काय.

"काय झालं, अण्णा?" गौरक्कानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

गाठ घट्ट होती, पावसानं आवळलेली. सोडवायला वेळ लागला. बाजूला चार पावलांवर एक धिप्पाड झाड होतं. मी त्याचं एक बी तोडून रेघा बघितल्या, चुरडून हुंगलं, आणि चिंधी त्याला बांधली.